डॉइझी जीवरसायनशास्त्र विभाग : शंभर वर्षांची वाटचाल

अमेरिकेतील सेंट लुइस शहर मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर वसले आहे. या शहरात १८१८ साली एका विद्यालयाचा पाया घातला गेला. पुढे जेझुइट धर्मगुरूंनी ते सांभाळले, वाढवले आणि त्याचेच सेंट लुइस विद्यापीठ झाले. विद्यापीठाचे आजचे वैद्यकीय महाविद्यालय मात्र विसाव्या शतकातले. १९०३ साली विद्यापीठाने शहरातील एक चालू वैद्यकीय महाविद्यालय आपल्यात सामावून घेतले आणि तेथून हा प्रवास सुरू झाला. या महाविद्यालयातील जीवरसायनशास्त्र विभागाला आता शंभर वर्षे होऊन गेली आहेत. ज्या माणसाने तो उभा केला, त्याचेच नाव आज विभागाला आहे : एडवर्ड अ‍ॅडल्बर्ट डॉइझी.

स्त्री-संप्रेरकांपैकी पहिले शुद्ध स्फटिकरूपात मिळवणे आणि रक्त साकळण्यासाठी लागणाऱ्या ‘के’ जीवनसत्त्वाची रासायनिक ओळख पटवणे, ही या विभागाची दोन मोठी कामे. वरवर पाहता या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. एका विभागाला, तेही फारशा साधनसंपत्तीशिवाय, दहा वर्षांच्या अंतराने ही दोन्ही शिखरे कशी गाठता आली, हा या इतिहासातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर विभागाच्या कामाच्या पद्धतीत आहे. म्हणून येथे घटनांइतकेच पद्धतीविषयीही लिहिले आहे.

पूर्वपीठिका

डॉइझी यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८९३ रोजी इलिनॉय राज्यातील ह्यूम या छोट्या गावी झाला. इलिनॉय विद्यापीठातून १९१४ साली पदवी आणि १९१६ साली पदव्युत्तर पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले. तेथे ऑटो फोलिन हे त्यांचे गुरू. रक्तातील आणि लघवीतील सूक्ष्म घटक अचूक मोजण्याच्या पद्धती बसवण्यात फोलिन यांचा हात धरणारे त्या काळी फार थोडे होते. मोजता आले तरच पुढे जाता येते, हा धडा डॉइझी यांना तेथे मिळाला. पहिल्या महायुद्धात सैन्यातील सेवेमुळे शिक्षणात खंड पडला, पण १९२० साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्याआधीच, १९१९ मध्ये, ते सेंट लुइसमधील वॉशिंग्टन विद्यापीठात अध्यापक म्हणून रुजू झाले होते. टोरांटोहून इन्सुलिनच्या शोधाची बातमी आली तेव्हा फिलिप शॅफर आणि मायकेल सोमोग्यी यांच्याबरोबर त्यांनी इन्सुलिनच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले. द्रावणाची आम्लता एका ठरावीक बिंदूवर आणली की इन्सुलिन द्रावणातून वेगळे होऊन तळाशी बसते आणि बरीचशी अशुद्धी वरच राहते, हे या गटाने वापरलेले तंत्र होते.

याच विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणारे एडगर अ‍ॅलन उंदरांच्या बीजांडकोशांचा अभ्यास करत होते. मादीच्या ऋतुचक्राला चालना देणारा पदार्थ बीजांडकोशातील पुटकांच्या द्रवात असावा, असे त्यांना वाटत होते. पण तो पदार्थ वेगळा काढायचा तर रसायनतज्ज्ञ हवा होता. अ‍ॅलन यांची जैविक दृष्टी आणि डॉइझी यांचा रसायनातला हात अशी जोडी जमली. कत्तलखान्यातून डुकरिणींचे बीजांडकोश आणायचे, पुटकांतील द्रव सुईने ओढून घ्यायचा, त्याचा अर्क काढायचा आणि बीजांडकोश काढून टाकलेल्या उंदरिणींना तो टोचायचा. अर्कात संप्रेरक असेल तर योनीमार्गातील पेशींचे रूप ठरावीक पद्धतीने बदलते आणि काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली तो बदल स्पष्ट दिसतो. ही चाचणी ‘अ‍ॅलन-डॉइझी चाचणी’ म्हणून जगभर वापरली गेली. दोघांचा पहिला निबंध सप्टेंबर १९२३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला.

विभागाची उभारणी

त्याच वर्षी, म्हणजे १९२३ मध्ये, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या डॉइझी यांना सेंट लुइस विद्यापीठाने जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावले. पुढल्या वर्षी विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १९६५ साली निवृत्त होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्यांच्याकडेच राहिली. विभाग लहान होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवायचे, रुग्णालयाची रासायनिक तपासणी सांभाळायची आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे, असा क्रम होता. कामाला माणसे म्हणजे बहुतांशी पीएच.डी. करणारे विद्यार्थी. त्यांच्यापैकी सिडनी थेयर आणि फिलिप कॅट्झमन यांच्यासारखे काही पुढे दीर्घकाळ विभागाचे आधारस्तंभ झाले.

संप्रेरकांच्या संशोधनाचा क्रम डॉइझी यांनी १९३६ साली कॅन्सस विद्यापीठातील व्याख्यानांत मांडला. पहिली पायरी, अमुक ग्रंथी शरीरात काहीतरी स्रवते हे ओळखणे. दुसरी, तो स्राव ओळखण्याची आणि मोजण्याची चाचणी बसवणे. तिसरी, अर्क काढून तो शुद्ध करत नेणे. चौथी, शुद्ध पदार्थ हाती घेऊन त्याची रचना ठरवणे आणि तो प्रयोगशाळेत तयार करणे. विभागातले सारे काम या चार पायऱ्यांनी चालत असे. चाचणी हाती नसताना शुद्धीकरणाला हात घालायचा नाही, हा तेथला दंडक होता. अर्काचे दोन भाग केले तर संप्रेरक कोणत्या भागात गेले हे फक्त चाचणीच सांगू शकते. ती नसेल तर महिनोन्‌महिन्यांचे कष्ट अंधारात जातात.

संप्रेरकांचे पर्व

पहिली चार-पाच वर्षे डुकरिणींच्या बीजांडकोशांशी झुंजण्यात गेली. अर्क प्रभावी होता, पण त्यात संप्रेरकाचे प्रमाण इतके अल्प की शुद्ध पदार्थ हाती लागेना. १९२७ साली बर्लिनमधील आशहाइम आणि झोंडेक यांनी दाखवून दिले की गरोदर स्त्रियांच्या लघवीत हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात असते. डॉइझी यांनी लगेच कच्चा माल बदलला. चाचणी तयार होतीच, त्यामुळे वेळ गेला नाही. गॅलनच्या गॅलन लघवी जमवून, तिचे अर्क काढून, पायरीपायरीने अशुद्धी दूर करत क्लेमेंट व्हेलर आणि थेयर या विद्यार्थ्यांच्या साथीने १९२९ मध्ये त्यांनी शुद्ध स्फटिक मिळवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेत त्यांनी ते जाहीर केले. या पदार्थाला त्यांनी ‘थीलिन’ म्हटले. आज आपण त्याला इस्ट्रोन म्हणतो. लैंगिक संप्रेरकांपैकी शुद्ध स्फटिकरूपात मिळालेले हे पहिले.

याच वर्षी जर्मनीत गटिंगेन येथे अडोल्फ बुटेनांट यांनीही स्वतंत्रपणे हेच संप्रेरक वेगळे केले. १९३९ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांच्या लैंगिक संप्रेरकांवरील कामाचा गौरव झाला. डॉइझी त्या मानात वाटेकरी नव्हते. विभागाच्या कामाची गती त्यामुळे कमी झाली नाही. १९३० मध्ये इस्ट्रिऑल हे दुसरे संप्रेरक विभागाने स्फटिकरूपात मिळवले. लंडनमध्ये गाय मॅरियन हेही त्याच वेळी त्यापर्यंत पोहोचले होते.

तरी मूळ प्रश्न शिल्लक होता. लघवीत येतो तो शरीराने वापरून बाहेर टाकलेला पदार्थ. खुद्द बीजांडकोश कोणते संप्रेरक तयार करतो? त्यासाठी विभाग पुन्हा डुकरिणींच्या बीजांडकोशांकडे वळला. डोनाल्ड मॅककॉर्कडेल, थेयर आणि डॉइझी यांनी सुमारे ४ टन बीजांडकोश हाताळले आणि त्यांतून हाती आले ते जेमतेम काही मिलिग्रॅम. ते होते इस्ट्राडायॉल. स्त्रीच्या प्रजननक्षम वयातील मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, हेच. १९२३ साली सुरू झालेली वाट अशी बारा-तेरा वर्षांनी पूर्ण झाली.

जागतिक मानक ठरवण्याच्या कामातही विभागाचा वाटा होता. तोवर प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या उंदरांच्या प्रतिसादावरून मात्रा मोजत असे आणि एकीची मात्रा दुसरीशी जुळत नसे. राष्ट्रसंघाने लैंगिक संप्रेरकांच्या प्रमाणीकरणासाठी नेमलेल्या समितीचे डॉइझी १९३२ आणि १९३५ साली सदस्य होते. शुद्ध स्फटिक उपलब्ध झाल्यामुळे ०.१ मायक्रोग्रॅम इस्ट्रोन म्हणजे एक आंतरराष्ट्रीय एकक, अशी वजनावर आधारलेली व्याख्या करता आली. औषधाची मात्रा खात्रीने लिहून देणे डॉक्टरांना शक्य झाले ते यामुळे.

थीलिन निधी

संस्थेच्या इतिहासात या निधीचे स्थान फार मोठे आहे. थीलिनच्या पेटंटचे हक्क डॉइझी यांनी विद्यापीठाला दिले. पार्क-डेव्हिस या औषध कंपनीने परवाना घेऊन थीलिन बाजारात आणले आणि स्वामित्वधन विद्यापीठाकडे येऊ लागले. हे पैसे सर्वसाधारण खर्चात न मिसळता त्यांचा वेगळा ‘थीलिन निधी’ करण्यात आला आणि तो संशोधनासाठी वापरला गेला. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेतील अनेक विद्यापीठे खर्चाला कात्री लावत होती. सरकारी अनुदानांची आजची व्यवस्था तेव्हा नव्हती. अशा काळात या विभागाकडे स्वतःचा हक्काचा निधी होता. पुढल्या शोधनिबंधांच्या तळटीपांत या निधीचे ऋण पुन्हा पुन्हा नोंदवलेले आढळते. एका शोधाच्या कमाईतून दुसरा शोध उभा राहिला, आणि दुसरा शोध पहिल्याहून मोठा ठरला.

‘के’ जीवनसत्त्वाचा शोध

१९२९ साली कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धांश काढून टाकलेला आहार देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करत होते. त्या पिल्लांना कातडीखाली आणि स्नायूंत रक्तस्राव होऊ लागला आणि त्यांचे रक्त साकळायला वेळ लागू लागला. ठाऊक असलेल्या कोणत्याही जीवनसत्त्वाने ते बरे होईनात. १९३५ मध्ये डाम यांनी आहारातील या अज्ञात घटकाला ‘के’ हे नाव दिले. कॅलिफोर्नियात हर्मन आल्मक्विस्ट आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हेही याच घटकाच्या मागावर होते. हिरव्या पाल्यात आणि कुजवलेल्या मासळीच्या कुटीत तो असतो, असे दिसून आले होते. पण तो नेमका काय आहे, हे कोणालाच माहीत नव्हते.

१९३६ च्या सुमारास डॉइझी यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि त्याच चार पायऱ्यांनी ते पुढे निघाले. आधी चाचणी. पिल्लांना ‘के’विरहित आहारावर ठेवायचे, अर्क द्यायचा आणि रक्त साकळायला किती वेळ लागतो ते मोजायचे. मग शुद्धीकरण. येथे नव्या अडचणी उभ्या राहिल्या. हा पदार्थ अल्कलीत टिकत नाही आणि उजेडानेही नासतो. रसायनतज्ज्ञाच्या हातातली नेहमीची काही साधने त्यामुळे बाद झाली. थेयर, मॅककॉर्कडेल, स्टीफन बिंकली, राल्फ मॅकी आणि ली चेनी यांच्या गटाने अर्कातील घटक शोषून घेणारी द्रव्ये वापरून सौम्य मार्ग शोधला. १९३९ मध्ये लसूणघासापासून के-१ हे पिवळसर तेल आणि कुजवलेल्या मासळीच्या कुटीपासून के-२ हे पिवळे स्फटिक अशी दोन्ही रूपे शुद्ध स्वरूपात मिळाली. एक नव्हे, दोन जीवनसत्त्वे आहेत, हे तेव्हा स्पष्ट झाले. त्याच वर्षी के-१ ची रचना उलगडली : नॅफ्थोक्विनोनच्या दुहेरी कड्याला जोडलेली फायटिल ही लांब साखळी. ती प्रयोगशाळेत तयार करून रचनेची खात्रीही करण्यात आली. झुरिकमध्ये पॉल कारर यांच्यासमवेत डाम, आणि हार्वर्डला लुइस फीझर हेही याच वर्षी या पदार्थाच्या मुळाशी पोहोचले होते. स्पर्धा अटीतटीची होती आणि सेंट लुइसचा छोटा विभाग तिच्यात अग्रभागी होता.

रुग्णांना त्याचा लाभ लगेच मिळाला. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया करताना सर्जन धास्तावलेले असत, कारण नंतर न थांबणारा रक्तस्राव होऊन अनेक रुग्ण दगावत. आतड्यात पित्त उतरले नाही तर ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही, त्यामुळे साकळण्यासाठी लागणारे प्रोथ्रॉम्बिन हे प्रथिन यकृतात नीट तयार होत नाही आणि रक्त साकळत नाही, ही साखळी चौथ्या दशकाच्या अखेरीस उलगडली होती. आता शुद्ध औषध उपलब्ध झाल्याने शस्त्रक्रियेआधीच उपाय करता येऊ लागला.

नवजात बाळांचे प्राण यामुळे वाचले, आणि या शोधाचे हे सर्वांत मोठे देणे. जन्मतः बाळाच्या शरीरात ‘के’ चा साठा नगण्य असतो, आईच्या दुधातूनही ते फार थोडे मिळते. त्यामुळे काही बाळांना पहिल्या दिवसांत किंवा आठवड्यांत आतड्यात, अगदी मेंदूतही रक्तस्राव होतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ साली प्रत्येक नवजात बाळाला ‘के’ देण्याची शिफारस केली. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्याकडेही रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला हे इंजेक्शन द्यायचे आहे : वजन १ किलोपेक्षा अधिक असेल तर १ मिलिग्रॅम, त्याहून कमी असेल तर अर्धा मिलिग्रॅम. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात परिचारिका बाळाच्या मांडीत ही सुई टोचते, तेव्हा १९३९ सालचे हे काम आपल्या घरापर्यंत आलेले असते.

१९४३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ‘के’ जीवनसत्त्वाच्या शोधासाठी डाम यांना आणि त्याचे रासायनिक स्वरूप उलगडल्याबद्दल डॉइझी यांना विभागून देण्यात आले. युद्धामुळे ते १९४४ साली जाहीर झाले.

पित्ताम्लांपासून थ्रॉम्बिनपर्यंत

नोबेलनंतर डॉइझी यांनी पित्ताम्लांच्या अभ्यासाकडे मोर्चा वळवला. विल्यम एलियट, एस. एल. शिया आणि जॉन मॅशिनर यांच्यासह या गटाने उंदरांच्या पित्तातील नवी आम्ले ओळखली. याच मॅशिनर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये शरीरात वापरल्या गेलेल्या ‘के’ जीवनसत्त्वाचे इपॉक्साइड बनते हे दाखवले. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध नेमके कोठे काम करते, हे समजण्याचा मार्ग त्या निष्कर्षाने खुला झाला. वापरलेले ‘के’ पुन्हा कामाला लावणारी शरीरातील क्रिया वॉरफेरिन रोखते.

डॉइझी यांच्यानंतर १९६५ मध्ये रॉबर्ट ऑल्सन विभागप्रमुख झाले. तेही ‘के’ चेच अभ्यासक. १९६४ साली त्यांनी ‘के’ हे जनुकाच्या पातळीवर काम करत असावे, अशी कल्पना मांडली होती. पुढे १९७४ मध्ये स्वीडन आणि अमेरिकेतील संशोधकांनी वेगळे उत्तर दिले : प्रथिन तयार झाल्यावर त्यातील ग्लुटामिक आम्लांवर ‘के’ च्या साहाय्याने कार्बॉक्सिल गट जोडला जातो, आणि त्यामुळेच प्रोथ्रॉम्बिन कॅल्शियमला धरू शकते. ऑल्सन यांची कल्पना टिकली नाही, पण नेमका प्रश्न विचारणाऱ्या कल्पनेची किंमत त्यामुळे कमी होत नाही.

१९८४ मध्ये विल्यम स्लाय यांनी विभागाची धुरा घेतली. पेशींत एका विकराची उणीव असल्याने होणारा दुर्मीळ आनुवंशिक रोग त्यांनी १९७३ साली वर्णिला होता आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. या रोगावरील विकर-उपचाराला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. वर्णनापासून उपचारापर्यंत चार दशकांहून अधिक काळ लागला.

२०१० मध्ये विभागप्रमुख म्हणून आलेले एन्रिको दी चेरा यांचा विषय थ्रॉम्बिन हाच आहे. थ्रॉम्बिन म्हणजे प्रोथ्रॉम्बिनपासून बनणारे, रक्त साकळवणारे मुख्य विकर. सोडियमच्या आयनाने त्याचे रूप आणि काम बदलते, हे त्यांनी १९९२ मध्ये दाखवले होते. प्रोथ्रॉम्बिनची त्रिमितीय रचना उलगडण्यातही त्यांच्या गटाचे काम महत्त्वाचे आहे. ज्या प्रथिनासाठी ‘के’ लागते, त्याच प्रथिनाचा अणू-अणू आज याच विभागात तपासला जातो.

विभागाचे दोन जुने विषय वैद्यकात एकत्रही आले. इस्ट्राडायॉलपासून बनवलेले इथिनिल इस्ट्राडायॉल गर्भनिरोधक गोळ्यांत वापरले जाऊ लागले आणि १९६१ साली इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला फुप्फुसात गुठळी झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. इस्ट्रोजेन यकृताला साकळण्याचे काही घटक अधिक बनवायला लावते, हे पुढे कळले. गोळ्यांतील इस्ट्रोजेनची मात्रा त्यानंतर टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. संप्रेरके आणि रक्ताचे साकळणे यांचा संबंध आज प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारात घ्यावा लागतो.

उपसंहार

डॉइझी यांचे २३ ऑक्टोबर १९८६ रोजी सेंट लुइसमध्येच निधन झाले. विभाग, संशोधन केंद्राची इमारत आणि आरोग्यविज्ञान महाविद्यालय या तिन्हींना आज त्यांचे नाव आहे. यांपैकी महाविद्यालयाच्या नावात त्यांच्या पत्नी मार्गारेट यांचेही नाव जोडलेले आहे.

या शंभर वर्षांतून दोन गोष्टी ठळकपणे पुढे येतात. पहिली, मोजण्याची पद्धत आधी आणि शोधाचा दावा नंतर, ही शिस्त. विषय बदलले, माणसे बदलली, पण ही शिस्त बदलली नाही, म्हणून संप्रेरकांवर काम केलेले हात जीवनसत्त्वावरही यशस्वी झाले. दुसरी, शोधाचे उत्पन्न शोधालाच परत देण्याचा निर्णय. डॉइझी यांनी पेटंट स्वतःकडे ठेवले असते तर ‘के’ जीवनसत्त्वाचे काम त्या मंदीच्या काळात या विभागात उभे राहणे कठीण होते.

आपल्याकडेही संशोधन संस्थांचे सुवर्णमहोत्सव आणि शताब्दी साजऱ्या होत आहेत. त्यांच्या चालकांना एवढीच विनंती की संशोधनातून मिळालेल्या उत्पन्नाचा एक भाग कायमस्वरूपी संशोधन निधी म्हणून बाजूला ठेवावा आणि तो पुढल्या पिढीच्या अभ्यासकांच्या हाती द्यावा. सेंट लुइसच्या एका छोट्या विभागाला हे शंभर वर्षांपूर्वीच्या तुटपुंज्या साधनांत जमले. आपल्यालाही ते जमण्यासारखे आहे.